तपासलेल्या उत्तरपत्रिकेचे काय झाले?

दहावीचे निकाल लागले की लातूरच्या बसस्थानकावर आणि नांदेडच्या रेल्वे स्टेशनावर एक दृश्य दरवर्षी न चुकता दिसते. गादीची वळकटी, स्टीलचा डबा, लोखंडी पेटी किंवा तिच्या जागी आता आलेली चाकांची बॅग, आणि या सामानामागून बावरल्यासारखा चालणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. सोबत वडील असतात. ते मुखेडचे असतील, किनवटचे असतील, निलंग्याचे किंवा हिंगोली-परभणीकडच्या एखाद्या खेड्यातले असतील. त्यांच्या खिशात आडत्याने दिलेल्या सोयाबीनच्या पट्टीचे नाहीतर पतसंस्थेतून उचललेल्या कर्जाचे पैसे असतात. लातुरात उद्योग भवनाच्या आसपासचा भाग लोक ‘ट्यूशन एरिया’ या नावानेच ओळखतात. नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात हेच चित्र आहे. रूम, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे असलेले भव्य फलक, असा हा व्यवहार आहे. या दोन शहरांच्या अर्थकारणात त्याने आडत बाजाराच्या बरोबरीचे स्थान मिळवलेले आहे.

या व्यवहाराकडे पाहून ‘शिक्षणाचा बाजार झाला’ असा उसासा टाकणे सोपे आहे आणि तो वर्षानुवर्षे टाकला जातो. परंतु उसाशाने काही उलगडत नाही. बाजार निर्माण होतो तो गरज असते म्हणून. आणि मराठवाड्यातील ही गरज खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्यांची मुले पुण्या-मुंबईत सहज शिकली त्यांना तर मुळीच नाही. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. या शहरांत मुलांना एका ध्येयाकडे नेण्याची, त्यांच्यात रोज थोडी सुधारणा घडवून आणण्याची जी पद्धत एकेकाळी निर्माण झाली, तिच्यातील नेमके काय टिकले आणि काय गळून पडले?

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आज जाहिरातीत इतका झिजला आहे की त्याचा उगम कोणत्याही खाजगी क्लासमध्ये नसून एका अनुदानित महाविद्यालयात झाला, याचे अनेकांना विस्मरण झाले आहे. निजामी राजवटीत या प्रदेशाला मातृभाषेतून शिक्षण दुर्मीळ होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी मुलाला पुढे शिकायचे तर पुण्याची वाट धरावी लागे. मुक्तीनंतर स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, लातुरात १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. तरीही बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याचे नाव क्वचितच झळके. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली अनुशेषाचा हिशोब मांडला, तेव्हा रस्ते, सिंचन, वीज यांच्या बरोबरीने शिक्षणातील मागासलेपणही आकड्यांत उतरले. त्या अनुशेषाचे पैसे केव्हा आणि किती आले ही कथा वेगळी. परंतु त्याच दशकाच्या उत्तरार्धात शाहू महाविद्यालयातील प्राध्यापकांनी पैशाची वाट न पाहता आपल्या हातात होते तेवढे करून दाखवले, हे नोंदवायलाच हवे. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ही पद्धत आकाराला आली.

तिच्यात गूढ असे काही नव्हते. बारावीचा अभ्यासक्रम अकरावीच्या सुट्टीपासूनच हाती घ्यायचा आणि वेळेच्या बराच आधी संपवायचा. उरलेल्या महिन्यांत बोर्डाच्या धर्तीवर एकामागून एक सराव परीक्षा घ्यायच्या. इथवर कोणीही करू शकेल. पद्धतीचा प्राण पुढच्या पायरीत होता. उत्तरपत्रिका प्राध्यापक स्वतः तपासत, ती विद्यार्थ्याच्या हातात परत येई, आणि गुण कुठे व का गेले याची चर्चा होई. आकृतीला नावे दिली नाहीत, पायरी गाळली, सूत्र बरोबर पण एकक चुकले, प्रश्न विचारला एक आणि उत्तर लिहिले दुसऱ्याचे! मग तीच चूक पुढच्या पेपरात पुन्हा होते का, हे पाहिले जाई. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या ज्या मुलाला आपण ‘हुशार नाही’ एवढेच ठाऊक होते, त्याला आपण नेमके कुठे चुकतो हे प्रथमच कोणीतरी दाखवले. ‘तू कच्चा आहेस’ आणि ‘तू एकक लिहायला विसरतोस’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच त्या पद्धतीचे यश होते. पहिल्या वाक्याने मूल खचते. दुसऱ्यावर उपाय करता येतो.

या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली. ही घोकंपट्टी आहे, हा गुणांचा कारखाना आहे, असे पुण्या-मुंबईकडील विद्वान म्हणत. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण कारखाना हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी कारखान्यांचाच इतिहास थोडा पाहायला हवा होता.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानी अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून टोकियोला गेले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाचा माल तेव्हा जगभर स्वस्त व टाकाऊ समजला जाई. डेमिंगने तेथे दिलेल्या व्याख्यानांचा मथितार्थ असा होता की माल तयार झाल्यावर तपासणी करून वाईट नग बाजूला काढल्याने गुणवत्ता येत नाही. गुणवत्ता घडवण्याच्या प्रक्रियेत यावी लागते. योजना करा, थोडे करून पाहा, काय घडले ते तपासा, त्यानुसार पद्धत बदला, आणि पुन्हा आरंभ करा. हे चक्र त्याने आपले गुरू वॉल्टर श्यूहार्ट यांच्यापासून घेतले होते. (हेच श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते, म्हणजे ही विद्या टोकियोच्या आधी कोलकात्याला पोचली होती, आपण तिचे काय केले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) जपानने १९५१ पासून डेमिंगच्या नावाने पारितोषिक सुरू केले आणि या वृत्तीला ‘कायझेन’ म्हणजे सततची सुधारणा हे नाव पुढे जगभर रूढ झाले. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून उत्पादनाची साखळी थांबवता येते; कारण चूक जिथे घडते तिथेच पकडली नाही तर ती पुढे पन्नास ठिकाणी पसरते, हे तेथे सर्वांनी मान्य केले आहे.

लातूरच्या त्या प्राध्यापकांनी डेमिंग वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांनी केले ते हेच होते. सराव परीक्षा हे मोजमाप, तपासलेली उत्तरपत्रिका हे निदान, चर्चा हा उपचार आणि पुढची परीक्षा ही पडताळणी. चार पायऱ्यांपैकी एकही गाळली तर चक्र फिरत नाही. आणि हे सर्व महाविद्यालयाच्या छपराखाली, प्रवेश मिळालेल्या प्रत्येकासाठी चालले होते.

सुधारणेच्या आधी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोजमापातील प्रामाणिकपणा. हा धडा लातूरने नव्हे, नांदेडने दिला. २०१० च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम कठोरपणे राबवली. परीक्षा केंद्रांभोवतीची जत्रा हटली, खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या थांबल्या आणि निकाल घसरले. अनेकांना ती जिल्ह्याची नामुष्की वाटली. वस्तुतः कित्येक वर्षांनी जिल्ह्याला आपली खरी प्रकृती प्रथमच कळली होती. ताप मोजण्याच्या नळीवर बोट दाबून पारा खाली ठेवण्यात रोग्याचे हित नसते. हा ‘नांदेड पॅटर्न’ पुढे राज्यभर चर्चिला गेला. जवळजवळच्या दोन शहरांनी महाराष्ट्राला दिलेले हे दोन पॅटर्न एकत्र वाचले पाहिजेत. एकाने सांगितले की माप खरे हवे. दुसऱ्याने सांगितले की माप घेऊन थांबू नये.

मग बदलले काय? पहिला बदल परीक्षेच्या स्वरूपात झाला. बोर्डाच्या गुणांऐवजी प्रवेशपरीक्षेचे गुण निर्णायक ठरले. आधी राज्याची सीईटी आणि २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’. लिहिण्याच्या उत्तरपत्रिकेची जागा गोल काळे करण्याच्या कागदाने घेतली. आज ‘नीट’मध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. अशा परीक्षेचा सराव घेणे यंत्राला अतिशय सोयीचे आहे. रविवारी पेपर झाला की संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर गुण, क्रमांक, विषयवार आलेख, सर्व काही हजर होते. पण तो कागद एवढेच सांगतो की ‘ब’ चुकले, ‘ड’ बरोबर होते. मुलाने ‘ब’ का निवडला, हे त्याच्यात कुठेच नसते. त्याला संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, इंग्रजी वाक्यातील ‘नॉट’ हा शब्द नजरेतून सुटला, की त्याने अंदाजाने गोल भरला? चूक एकच दिसते, कारणे चार असू शकतात, आणि चारही कारणांवरचे उपाय भिन्न आहेत. पूर्वी हे कारण उत्तरपत्रिकेतील ओळींत उमटलेले असे. आता ते फेकून दिलेल्या कच्च्या कामाच्या कागदावर असते. मोजमाप पूर्वीपेक्षा दसपट जलद झाले आणि निदान जवळजवळ नाहीसे झाले, अशी ही विचित्र प्रगती आहे.

दुसरा बदल संख्येचा आहे. एका सभागृहात दीडशे-दोनशे मुले बसतात, शिक्षकाच्या शर्टाला ध्वनिक्षेपक लावलेला असतो आणि मागच्या रांगेसाठी पडदे टांगलेले असतात. शिकवणारे बहुधा उत्तमच शिकवतात. मराठवाड्यात भौतिकशास्त्र इतक्या सुबोधपणे फार थोड्या महाविद्यालयांत शिकवले जात असेल. पण या सभागृहात टोयोटाची ती दोरी कोणाच्या हाती आहे? ‘सर, हे कळले नाही’ असे दोनशे जणांत उठून म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, त्याला ते बहुधा कळलेलेच असते. देवणीहून आलेली, आयुष्यात प्रथमच घर सोडलेली मुलगी मान खाली घालून लिहून घेते. शंका निरसनासाठी स्वतंत्र वेळ ठेवलेली असते हे खरे. तेथेही रांगेत पुढे असतात ते पहिल्या बाकावरचे.

आणि मग येते ती बॅचची विभागणी. सराव परीक्षेच्या क्रमांकानुसार मुलांचे गट पाडायचे, वरच्या गटाला सर्वांत अनुभवी शिक्षक द्यायचा, हा प्रघात अनेक ठिकाणी आहे. व्यवसायाच्या दृष्टीने तो चोख आहे, कारण फलकावर लागणारी छायाचित्रे वरच्या गटातूनच येतात. परंतु सततच्या सुधारणेच्या तत्त्वाशी त्याचा संबंध उलटा आहे. ज्या नगात दोष सर्वांत कमी, त्याच्यावर सर्वाधिक मेहनत. ज्यात दोष अधिक, तो खालच्या खोलीत. डेमिंग तर माणसांना वर्षावर्षाला क्रमांक लावण्याच्या पद्धतीविरुद्ध होता. व्यवस्थेतून भय घालवा, असे तो आपल्या चौदा सूत्रांत सांगतो. आपण क्रमांकाच्या यादीलाच भिंतीवर चिकटवून तिला प्रेरणा असे नाव दिले आहे.

येथे अर्थशास्त्रातील एका भेदाचे स्मरण करून देणे उपयुक्त ठरेल. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवून दिले की काही वस्तू अशा असतात की त्यांचे मोल इतरांच्या तुलनेतील आपल्या स्थानावर अवलंबून असते. यात्रेत पुढचे दिसावे म्हणून एकजण टाचा उंचावतो, त्याला दिसते; सर्वांनी टाचा उंचावल्या तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. टोयोटाने सुधारणा केली तर मोटार अधिक चांगली होते आणि ती विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा लाभ होतो. प्रवेशपरीक्षेत मात्र जागा ठरलेल्या असतात. २०२४ साली ‘नीट’ला सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थी बसले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार, त्यातील निम्म्याच्या आसपास शासकीय, म्हणजे सामान्य घराला परवडणाऱ्या. सर्व २३ लाखांनी आपले गुण पन्नासने वाढवले असते तरी जागा एकनेही वाढली नसती.

गुणांचे हे चलन किती अस्थिर आहे, याचे उदाहरण अलीकडच्याच तीन वर्षांत मिळते. ७२० पैकी ६५० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा देशातील क्रमांक २०२३ मध्ये सात हजारांच्या घरात होता. पुढच्याच वर्षी तेवढेच गुण मिळवणारा तीस हजारांच्या आसपास गेला. आणि २०२५ मध्ये, पेपर कठीण निघाल्याने, ६५० च्या वर गुण मिळवणाऱ्यांची संख्या देशभरात शंभरही भरली नाही. मुलगा तोच, अभ्यास तोच, गुण तेच. भाव मात्र तीन. सोयाबीनच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही; पीक चांगले आले म्हणजे पैसा आला असे नव्हे, हे तो दर दिवाळीला शिकतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याहूनही खाली होते. क्लास, रूम, मेस मिळून वर्षाचा खर्च केवळ हिशोबासाठी एक लाख धरला, तरी हमीभावाने वीस क्विंटलांहून अधिक सोयाबीन होते. कोरडवाहू रानात एकरी सहा क्विंटल उतारा पडला तर तीन-साडेतीन एकरांचे सारे उत्पन्न, बी-बियाणे, खत, मजुरी काही वजा न करता. मुलगा ‘रिपीटर’ झाला, म्हणजे एकदा अपयश येऊन पुन्हा बसला, की हा हिशोब दुसऱ्या वर्षी नव्याने सुरू होतो.

या युक्तिवादाला एक सबळ उत्तर आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. देशाच्या हिशोबात हा खेळ बेरीज-वजाबाकी शून्याचा असेल, पण मराठवाड्याच्या हिशोबात तो तसा नाही. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यात दीर्घकाळ ७०:३० असे विभागवार सूत्र होते. मराठवाड्यात महाविद्यालये मोजकीच असल्याने येथील मुलाला अधिक गुण असूनही प्रवेश नाकारला जाई. ते सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले, तेव्हा लातूर-नांदेडच्या मुलांनी मुंबई-पुण्याच्या जागांवर गुणांच्या बळावर हक्क सांगितला. ज्या गावात डॉक्टर पाहायला तालुक्याला जावे लागे, त्या गावातील सालगड्याची नात आज डॉक्टर झाली असेल तर तिला हर्शचा सिद्धान्त ऐकवणे हा उद्धटपणा होईल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणवठ्यांवर जमावबंदी पुकारावी लागली. त्याही वर्षी मुले घागरी भरून ठेवून परीक्षेला बसली. या जिद्दीचा अपमान कोणीही करू नये.

परंतु नेमक्या याच कारणासाठी, ज्याला जागा मिळत नाही त्याचा विचार अधिक करायला हवा. एका जागेमागे वीसहून अधिक परीक्षार्थी असतील तर पद्धतीची खरी कसोटी त्या एकावर लागत नाही. तो कदाचित कुठेही यशस्वी झाला असता. उरलेले दोन वर्षांनंतर काय घेऊन घरी परततात? जुन्या पद्धतीत उत्तरपत्रिका तपासून घेत घेत मुलगा मुद्देसूद लिहायला शिके, आपली चूक आपणच शोधायला शिके. तो पुढे बी.एस्सी. होवो, शिक्षक होवो की तहसील कचेरीत लिपिक, ही शिदोरी त्याला पुरे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी अभ्यासिकांत दिवस काढणाऱ्या तरुणांतही ज्याला आपल्या चुकांची वही ठेवण्याची सवय आहे, तो वेगळा ओळखू येतो. केवळ क्रमांक घेऊन परतलेल्या मुलाजवळ मात्र एकच निष्कर्ष असतो, की आपण नापास जातीचे आहोत. आणि ध्येय तरी त्याचे कुठे होते? ते दहावीच्या निकालादिवशी नातेवाइकांनी ठरवले होते. माणसाला त्याच्या ध्येयाकडे नेण्याच्या कलेत पहिली पायरी त्याला त्याचे ध्येय विचारण्याची असते. येथे फक्त ‘पीसीबी की पीसीएम’ एवढेच विचारले जाते.

क्रमांक हेच सर्वस्व झाले की मापावरच हात मारण्याचा मोह होतो. ५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’चा पेपर फुटल्याचे प्रकरण देशभर गाजले. बिहार-झारखंडपासून निघालेले धागे जूनमध्ये लातूरपर्यंत आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची चौकशी झाली, गुन्हा नोंदला गेला आणि तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला. न्यायालयाच्या निवाड्याआधी कोणाला दोषी म्हणता येणार नाही. परंतु ज्या टापूने कॉपीमुक्तीचा नमुना राज्याला दिला, त्याच्या नावाची चर्चा अशा प्रकरणात व्हावी, याने लातूर-नांदेडचा प्रत्येक शिक्षक अस्वस्थ झाला. दुसरीकडे राजस्थानातील कोटा शहराने या रस्त्याचे पुढचे वळण दाखवून ठेवले आहे. तेथे २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि प्रशासनाने वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. दोष शोधला तो पंख्यात.

सरकारांनी काही केले नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचे फर्मान काढले. क्लासशी संगनमत करून नावापुरता प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांना आळा बसावा हा हेतू होता. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण अंगठा उमटवायला मुलगा महाविद्यालयात आला तरी आत त्याला शिकवणार कोण? भरती वर्षानुवर्षे रखडलेली, रिक्त पदे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडून भरून काढलेली. ज्याला तासाचे मानधन महिनोन्महिने मिळत नाही, त्याने सत्तर उत्तरपत्रिका घरी नेऊन रात्री तपासाव्यात अशी अपेक्षा करणे निर्लज्जपणाचे आहे. मग हाच प्राध्यापक संध्याकाळी क्लासच्या सभागृहात उभा दिसला तर नवल कसले? शाहू महाविद्यालयातील तो जुना प्रयोग पूर्णवेळ, स्थिर नोकरीतील माणसांनी केला होता, ही गोष्ट त्याच्या गौरवगाथेत सहसा सांगितली जात नाही. निष्ठा होतीच, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगारही होता.

तेव्हा आरंभ करायचा तर दोन ठिकाणांहून करता येईल. एक, कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान व गणिताची रिक्त पदे भरून, दर पंधरवड्याला एक लेखी परीक्षा आणि आठ दिवसांत तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती, एवढा एकच नियम प्राचार्यांनी पाळावा. गोल भरण्याच्या परीक्षेतही मुलाने कच्चे काम जपून ठेवावे आणि शिक्षकाने ते पाहावे. याला नवे अनुदान, नवी इमारत, नवे ॲप यांपैकी काही लागत नाही. शिक्षक मात्र लागतो. दुसरी गोष्ट क्लासचालकांसाठी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसंबंधी नियम केले. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव आणि क्रमांकाबरोबर त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही सांगावे, असे त्यात आहे. लातूर-नांदेडच्या क्लासचालकांनी याच्या एक पाऊल पुढे जावे. गणिताच्या शिक्षकांना अंश आणि छेद यांचे महत्त्व सांगायला नको. फलकावर जितकी छायाचित्रे आहेत, त्यांच्याखाली एक आडवी रेघ मारून त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या लिहावी. जून महिन्यात वळकटी घेऊन बसमधून उतरलेल्या त्या वडिलांना पैसे मोजण्याआधी तो अपूर्णांक वाचता येईल.